उषाबाईची सावड

उषाबाईला प्रश्न पडला की तो तिच्या एकटीचा राहत नाही. सकाळी नळावर तो गल्लीचा होतो, दुपारी गिरणीवर गावाचा होतो, आणि बाजाराचा दिवस असला तर दिवेलागणीपर्यंत कुंभार पिंपळगावात आलेल्या सगळ्या पंचक्रोशीचा होतो. दवाखान्यात गेली तर नाडी दाखवायच्या आधी ती डॉक्टरलाच विचारते, "तुमचं गाव कोणतं? आन् लग्नाचं काही मनावर घेतलंय का न्हाई?" अंबडच्या एसटीत एकदा तिनं कंडक्टरची एवढी चौकशी केली की तो बिचारा तिकीट द्यायचंच विसरला. पुढच्या थांब्यावर तिनंच त्याला आठवण करून दिली. म्हणजे बाई इमानदार, त्यात शंका नाही. फक्त तोंडाला झाकण नाही.

देवानं जोडी मात्र बराबर तोलून लावली. नवऱ्याचं नाव भुजंग. नाव असलं तरी फुत्कार सोडाच, साधा हुंकारसुद्धा तो उसना आणल्यासारखा काढतो. इतक्या वर्षांच्या संसारात त्याची सगळी भाषा तीन शब्दांवर भागली आहे. "हूं", "बघू" आणि "दादाला विचारू".

हा दादा म्हणजे थोरला भाऊ आदिनाथ. घर शेजारी, मोसंबीची बाग दोघांची एकत्र, आणि शेवटचा शब्द त्याचा. आदिनाथ जुन्या वळणाचा. धाकट्या भावाच्या बायकोशी तो थेट बोलत नाही. ती समोर बसलेली असली तरी तो भुजंगाकडे बघून म्हणतो, "भुजंगा, विचार, आज मिरच्या तोडायला किती बाया सांगितल्या." मग उषाबाईही भुजंगाकडे बघूनच उत्तर देते. मधे बसलेल्या भुजंगाच्या डोक्यावरून हे बोलणं वारं गेल्यासारखं इकडून तिकडं जातं, आणि तो आपला दोन्ही बाजूंना "हूं" म्हणत राहतो.

उषाबाई-भुजंगाची लेक तृप्ती. अंबडच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय प्राणीशास्त्र. बारावीनंतर तिनं नीटची परीक्षा दिली होती आणि मार्कही बरे पडले होते. पण बऱ्या मार्कांना सरकारी मेडिकल कॉलेजात कुणी विचारत नाही. तृप्ती दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी बीएस्सीला नाव घातलं, आणि महिन्याभरात रमूनही गेली. रमली नाही ती गल्ली. गल्लीनं आपल्या मनानंच तिला अर्धी डॉक्टर करून टाकलं.

समोरच्या घरातली साखराबाई तर पहिल्याच आठवड्यात शेळी ओढत घेऊन आली. मेंढरं-शेळ्या तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या. नवरा म्हस्कू अजूनही माळावर मेंढरं चारतो.

"तृप्ते, बघ गं हिला. कालपासून रवंथ करून न्हाई राह्यली."

"काकू, मी प्राणीशास्त्र शिकते. मला इलाज येत न्हाई."

"प्राण्याचं शास्तर शिकून प्राण्याला बघत न्हाई? मंग बघती तरी काय कॉलेजात?"

"माशाचे खवले बघतो भिंगाखाली."

"त्याला कॉलेज कशाला पाहिजे? बाजारच्या दिशी ये घरी. मी मासा दावते, खवल्यासकट."

शेळी संध्याकाळी आपोआप बरी झाली. त्याचंही श्रेय साखराबाईनं तृप्तीलाच दिलं, कारण "पोरीची नजर पडली".

तर अशी तीन वर्षं गेली. यंदाची संक्रांत झाली आणि आदिनाथ एका सकाळी ओसरीवर येऊन बसला. चहा झाला. कप खाली ठेवत तो म्हणाला, "भुजंगा, पोरगी औंदा सुटती कॉलेजातून. या बायलॉजीचं पुढं काय असतं, विचार जरा."

भुजंगानं मान वळवायच्या आत उषाबाई म्हणाली, "लई असतं, सांगा दादाला."

"लई म्हंजे काय? एक तर नोकरीचं नाव सांगा म्हणावं, न्हाईतर मी स्थळाचं सांगतो. जालन्याचा पोरगा हाय, सळईच्या कारखान्यात सुपरवायझर. माणसं चांगली हायती. उन्हाळ्यात बार उडवून देऊ."

"थोडं थांबा म्हणावं. सगळं सांगते."

सांगते म्हणाली खरी. पण बायलॉजीचं पुढं काय असतं, ते उषाबाईला कुठं माहीत होतं? तृप्तीला विचारावं तर पोरगी म्हणायची, "माय, बघते मी. तू नको काळजी करू." काळजी नको हे ठीक, पण प्रश्न पडलेला, तो कुठं ठेवायचा? मग उषाबाईनं चपला घातल्या.

पहिली फेरी अंकुशनगरला. साखर कारखान्यात तिचा मावसभाऊ होता. त्याच्या ओळखीनं ती थेट प्रयोगशाळेच्या दारात. आतल्या साहेबाला म्हणाली, "तुमच्याकडं बायलॉजीवाली लागती का?"

"नाही ताई, आमच्याकडं केमिस्ट्री लागते. उसाच्या रसाची तपासणी असते."

"ऊस काय लोखंडाचा असतो का? जिवंतच असतो की. जिवंत असला की बायलॉजी, अशी माझी पोरगी म्हणती."

साहेबानं हातातली नळी खाली ठेवली. मग त्यानं तिला चहा पाजला.

दुसरी फेरी जालन्याला. बियाण्याच्या एका कंपनीच्या फाटकावर वॉचमननं अडवलं, तर ती त्याच्याच पोरांची शिक्षणं विचारत उभी राहिली. शेवटी आतून एक अधिकारी बाहेर आला तो गर्दी कसली ते बघायला. तो भला माणूस होता. त्यानं सांगितलं की बियाणं शुद्ध आहे की भेसळीचं, हे प्लॉटवर रोप लावून तपासावं लागतं. त्या कामाला जीवशास्त्राची मुलं-मुली घेतात. तिथून ती रेशीम कोषांच्या बाजारात गेली. तिथं कळलं की रेशमाच्या अळ्यांचे रोग ओळखणारी माणसं हवी असतात. पुढं सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या खिडकीवर कळलं की त्याचा वेगळा डिप्लोमा असतो. परतीच्या एसटीत शेजारी एक मास्तर भेटला, त्यानं बी.एड.चं सांगितलं, मागच्या सीटवरच्या पोरानं वनरक्षकाच्या भरतीचं सांगितलं आणि त्यात पळावं लागतं हेही सांगितलं.

"पळायचं काही अवघड न्हाई," उषाबाई म्हणाली. "ती रोज सकाळी एसटीमागं पळती. बिलकुल तयार हाय."

पंधरवड्यात अशी परिस्थिती आली की, जीवशास्त्र शिकून पोरांना काय काय करता येतं, यावर घनसावंगी तालुक्यात कुणाला व्याख्यान ठेवायचं असतं तर उषाबाईशिवाय दुसरा वक्ता नव्हता. नळावर हंडा भरायला आलेल्या बाया एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा कधी असते ते ऐकून जायला लागल्या. खालच्या आळीतल्या दोन पोरी तर तिला भेटायला आल्या आणि पेन काढून बसल्या. उषाबाईनं त्यांना शेंगदाण्याचे लाडू दिले आणि रेशमाच्या अळ्यांचं रसभरीत वर्णन करून एकीला पार पळवून लावलं.

पण या सगळ्या वाटांवर एकच नाका होता. जिथं जावं तिथं शेवटी एकच प्रश्न. "अनुभव आहे का?"

"हे बरंय!" उषाबाई त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली. "अनुभव पाहिजे तर नोकरी करा. नोकरी पाहिजे तर अनुभव आणा. लगीन झाल्याबिगर येड जाईना, आन् येड गेल्याबिगर लगीन हुईना!"

तृप्ती भाजी चिरत होती. विळी थांबली.

"माय, अनुभव हाय माझ्याकडं."

"कशाचा?"

"पाखरं मोजायचा."

मग सगळं बाहेर आलं. संक्रांतीपासून पोरगी दर रविवारी "प्रॅक्टिकल" म्हणून जायची ते कॉलेजात नव्हे, माळरानावर. पुण्याची एक संस्था गवताळ माळावरच्या पाखरांचा अभ्यास करते. तिचं इकडचं काम नागसेन नावाचा पोरगा बघतो, अंबडकडचाच. तो कॉलेजच्या मुलांना गोळा करतो, दुर्बीण हातात देतो, चंडोल कोणता, माळटिटवी कोणती, धाविक कसा पळतो, ते शिकवतो आणि मोजायला लावतो. आता परीक्षा झाली की मे महिन्यात पूर्ण महिनाभराचं शिबिर. त्यात जे चांगलं काम करतील त्यांतल्या एकाला वर्षभरासाठी प्रकल्पात साहाय्यक म्हणून घेणार, मानधनावर. आणि ते वर्ष गाठीशी असलं की एम.एस्सी.ला, पुढं संशोधनाला, सगळीकडं दारं उघडी.

"मला तेच करायचंय, माय," तृप्ती म्हणाली. "बाकी सगळं तू शोधलंस ते चांगलंय. पण मला ते पाहिजे."

उषाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "शिबिरात पगार किती?"

"शिबिरात न्हाई काही. जेवण अन् राहणं त्यांचं. व्हॉलंटियर म्हणतात त्याला."

"काम त्यांचं, भाकर त्यांची, मजुरी न्हाई." उषाबाईचा चेहरा एकदम उजळला. "अगं, मंग सावड म्हण की!"

आता सावड म्हणजे काय, हे गावाकडं सांगावं लागत नाही. आज तुम्ही आमच्या रानात राबा, उद्या आम्ही तुमच्या. पैशाचा व्यवहार नाही, दुपारची भाकरी ज्याचं रान त्याची. मजूर परवडत नाहीत तेव्हा निम्मी शेती याच्यावर निघते. फक्त एक नियम आहे आणि तो पाळावाच लागतो. सावड अंगावर ठेवायची नाही.

"सावड न्हाई गं माय, ते वेगळं असतं..." तृप्ती म्हणाली, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि बोलणं तिथंच राहिलं. उषाबाईच्या बाबतीत बोलणं अर्धवट सोडायचं नसतं, हे तीन वर्षं विज्ञान शिकूनही पोरीच्या ध्यानात आलं नव्हतं.

दोनच दिवसांनी म्हस्कूची मेंढरं बुजली. निदान साखराबाईनं नळावर तसं सांगितलं. "आमचे हे मेंढरं घेऊन गेल्ते माळावर. बघतेत तर काय, तुमची तृप्ती दगडाआड बसल्ती, डोळ्याला काळं नळकांडं लावून! मेंढरं बुजली ना. यांना वाटलं मिल्ट्री आली."

ही बातमी नळावरून आदिनाथच्या ओसरीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी बैठक बसली. मधे भुजंग, एका अंगाला आदिनाथ, दुसऱ्या अंगाला उषाबाई, आणि दारात तृप्ती.

"भुजंगा, विचार, पाखरं मोजायचे पैसे किती देतात."

"मोठे बाबा, अजून काही न्हाई," तृप्तीनंच सांगितलं. "पण पुढं..."

"काही न्हाई!" आदिनाथनं मांडीवर थाप मारली. "बीएस्सी होत आलेली पोरगी फुकट राबवून घेतात, आन् वर मे महिन्यात अजून महिनाभर! जाण्यायेण्याचा खर्चा आपला, ऊन आपल्या पोरीच्या डोक्यावर. फुकट राबवणाऱ्याच्या दारात आपली पोरगी जाणार न्हाई. भुजंगा, सांग. मी जालनेवाल्यांना बोलावून राह्यलो."

तृप्तीनं मान खाली घातली. भुजंगानं "हूं" म्हणायला तोंड उघडलं. पण त्याच्या आधी उषाबाईचं उघडलं.

"फुकट कोण म्हणतं? सावड हाय ती! पोरीनं त्यांच्याकडं दिवस दिले. आता ते येणारेत आपल्या बागेत, पाचट टाकायला."

तृप्तीचा चेहरा तर असा झाला की साखराबाईच्या आजारी शेळीचा बरा होता.

आदिनाथला मात्र "सावड" हा शब्द ऐकल्यावर मांडीवरचा हात काढून घ्यावा लागला. कारण सावडीच्या बाबतीत हा माणूस म्हणजे दगडावरची रेघ. स्वतःच्या हळदीच्या दिवशी कुणाची तरी सावड अंगावर राहिली होती, तर हा गडी पिवळ्या हातांनी त्याची ज्वारी काढायला गेला होता. नवरदेव कुठाय म्हणून वऱ्हाड शोधत होतं आणि नवरदेव पेंढ्या बांधत होता. अजूनही लग्नाचे फोटो निघाले की त्यात त्याच्या मुंडावळ्यांत एक ज्वारीचं पान दिसतं.

"भुजंगा, पुण्याची माणसं," तो सावकाश म्हणाला, "आपल्या बागेत पाचट टाकायला येणार?"

"येणार."

"आन् न्हाई आली तर?"

"तर दादाचं स्थळ, दादाचा मांडव. मी तोंडातून एक शब्द काढणार न्हाई."

उषाबाई एक शब्द काढणार नाही, ही पैजच एवढी मोठी होती की भुजंगानंसुद्धा वर बघितलं.

ओसरी रिकामी झाल्यावर तृप्ती रडकुंडीला आली. "माय, काय बोलून बसलीस? त्यांना कसं सांगू मी? शास्त्रज्ञ आहेत ते! आता मला शिबिरातून पण काढतील."

"फोन लाव त्या नागसेनला. मी बोलते."

"अजिबात न्हाई."

"मंग मी साखराबाईच्या फोनवरून लावते. नंबर नळावर विचारते."

तृप्तीनं निमूट फोन लावून दिला.

"नागसेन, बाळा, मी तृप्तीची माय. जेवलास का? ... हे बघ, माझी पोरगी सहा रविवार आली तुमच्या रानात. आता तुमची पाळी. आमच्या मोसंबीला पाचट टाकायचं हाय, ऊन वाढायच्या आत, म्हंजे बुडातली ओल टिकती. ह्या रविवारी या."

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मग नागसेन म्हणाला, "काकू, रान आमचं न्हाई हो. कुठं वनखात्याचं, कुठं गायरान..."

"पाखरं तर तुम्हीच मोजून राह्यले ना?"

"ते हाय, पण..."

"तुझी आजी सावडीला जायची का न्हाई?"

"जायची," नागसेन हसला. "तिच्या बोटाला धरून मी पण गेल्तो. पण काकू, इथं मॅडमला विचारावं लागंल. त्या आल्यात पुण्याहून."

"विचार की. त्यांना बी घेऊन ये. आन् नीट ऐक, माणसं भरपूर आण. सहाच नको. दोन-तीन जास्तीचीच आण. गाडी पण आण."

"माय!" तृप्तीनं कपाळाला हात लावला. "वरून जास्तीची?"

"गप. भाकऱ्या मी थापणार, तुझं काय जातंय?"

नागसेनानं "बघू" म्हटलं. भुजंगाच्या तीन शब्दांतला हा शब्द उषाबाईच्या चांगल्या ओळखीचा होता, आणि त्याच्यावर तिचा बिलकुल भरवसा नव्हता. पण हे तिनं पोरीला सांगितलं नाही.

रविवार उगवला. बागेच्या कडेला कारखान्याकडच्या फडातून आणलेल्या उसाच्या पाचटाचा हा ढीग. आदिनाथ बांधावर बाज टाकून बसला होता, वरात बघायला बसावं तसा. उषाबाईनं पहाटेच पाटीभर भाकऱ्या थापल्या होत्या, वांग्याची भाजी आणि ठेचा केला होता. साखराबाई "काही लागलं तर" म्हणून आली होती; म्हणजे काही घडलं तर.

ऊन बांधावरून बाजेवर आलं. रस्त्यावर धूळ उठली की तृप्ती उठायची. ट्रॅक्टर निघायचा. परत धूळ, परत ती उठायची. कुणाचा तरी टेम्पो. आदिनाथनं खिशातून मोबाईल काढला आणि जालन्याचा नंबर शोधायला लागला. उषाबाईनं भाकऱ्यांवरचं फडकं एकदा काढलं, परत झाकलं. तिला काही विचारावंसं वाटत नव्हतं. हे इतकं नवल होतं की साखराबाईनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

"भुजंगा," आदिनाथ म्हणाला, "सांग. मी फोन लावून राह्यलो."

"दादा," भुजंग म्हणाला, "जरा बघू."

आदिनाथनं चमकून बघितलं. आणि तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला.

जीपमधून माणसं उतरायला लागली ती संपेनात. नागसेन, कॉलेजची पोरं-पोरी, आणि सगळ्यांत शेवटी टोपी घातलेल्या मॅडम. "माफ करा, उशीर झाला," मॅडम म्हणाल्या. "रस्त्यात धाविकाची जोडी दिसली. सगळे उतरले ते पुन्हा बसेनातच."

"पाखरासाठी सावडीला उशीर?" आदिनाथ पुटपुटला. पण फोन खिशात गेला.

"या डॉक्टर मॅडम," नागसेनानं ओळख करून दिली आणि साखराबाई तिथून जी गायब झाली ती शेळी घेऊनच परतली. मॅडमनी समजावून सांगितलं की त्यांची डॉक्टरकी पाखरांच्या अभ्यासाची. "म्हंजे हिच्यासारखंच!" साखराबाई तृप्तीकडं बोट दाखवून हिरमुसली. "सगळे शिकतात, आन् शेळी कुणीच बघत न्हाई."

मग काम सुरू झालं. आता पाचट म्हणजे दिसायला वाळलेलं पान, पण त्याच्या कडा करवतीसारख्या. अर्ध्या बाह्यांची शहरी पोरं पहिल्या भाऱ्यातच अंग खाजवायला लागली. एक जण भारा घेऊन झाडाकडं निघाला आणि झाडात काही तरी फडफडलं म्हणून मान वर करून तिथंच उभा राहिला, भारा डोक्यावर तसाच. दुसऱ्यानं पाचटाचा असा डोंगर केला की त्यात मोसंबीचं खोडच दिसेना.

आदिनाथला बाजेवर बसवेना. "अरे ए, खोडाला चिकटवू नको! खोड कुजंल. लांब, लांब! गोल पसर, ताटाच्या कडेसारखं." तो उठला, एकाच्या हातातून पाचट घेतलं, करून दाखवलं. मग दुसऱ्याला दाखवलं. लांबच्या कोपऱ्यात भारे न्यायला नागसेननं जीपच मागं घेतली, तेव्हा तर आदिनाथ जीपच्या पुढं चालत "या, या, डावीकडं" करत होता. दुपारपर्यंत त्याचा आवाज तीन बांधांपलीकडं जात होता आणि चेहरा उन्हानं लाल झाला होता, की आनंदानं, ते सांगता येत नव्हतं.

सावलीला पाणी पिताना त्यानं हळूच मॅडमना विचारलं, "टिटवीचं तुम्ही बघता म्हणे. तिनं औंदा अंडी उंचावर घातली का खोलात?"

"अजून घालायचीय. का हो?"

"उंचावर घातली की पाऊस जोरात. आमचा पेरणीचा हिशोब त्याच्यावर असतो."

"खरंच तसं होतं का, ते कुणी नीट तपासलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "रोज माळावर जाऊन घरटी बघणारं कुणी तरी पाहिजे."

आदिनाथनं तांब्या खाली ठेवला आणि तृप्तीकडं एकदा बघितलं.

पंगत झाडाखालीच बसली. पोरांनी ठेच्याला हात लावला, पाणी मागितलं, आणि परत ठेचाच मागितला. उषाबाईनं एवढ्या वेळाची भरपाई म्हणून एकेकाला वाढता वाढता गाव, शिक्षण, भावंडं, सगळं विचारून घेतलं. जेवणं झाली तसं आदिनाथ पंगतीवरून बोट फिरवायला लागला. तो माणसं मोजत होता.

"भुजंगा, पोरीचे रविवार किती?"

"सहा."

"माणसं आली नऊ."

"हूं."

"आपल्या अंगावर चढली की सावड!"

नागसेन हात धुता धुता म्हणाला, "अहो काका, त्याचं काय एवढं? फेडायची काही..."

"तू भाकर खा," म्हणून उषाबाईनं त्याच्या ताटात अजून एक वाढली. त्याचं जेवण झालं होतं, तरी त्यानं निमूट खाल्ली.

आदिनाथ आता उभा राहिला होता. "तीन माणसाचे तीन दिवस. ते झाले. पण जीप? बैलजोडी आणली तर तिचा एक दिवस माणसाच्या चार दिवसाबराबर धरतात, हे बापजाद्यापासून चालत आलंय. जीपला बैलजोडीहून कमी धरलं तर गाव हसंल. भुजंगा, जीपचे किती धरायचे?"

"बघू," भुजंग म्हणाला.

"दहा धर. आन् डॉक्टर बाई! त्यांचा दिवस आपल्या दिवसाच्या भावानं कसा धरायचा? एवढी शिकलेली बाई उन्हात पाचट वाहती. त्यांचेच पंधरा होतात." तो बोटं मिटत, पुन्हा उघडत राहिला आणि त्याचं तोंड उतरत गेलं. "महिना झाला की रे. सगळा महिना बसला आपल्या अंगावर."

तृप्तीनं आईकडं बघितलं. उषाबाई रिकामी पाटी फडक्यानं पुसत होती. एकदा पुसली, परत पुसली. जन्मात पाटी इतकी स्वच्छ झाली नव्हती.

आदिनाथ वळला आणि भुजंगाला ओलांडून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थेट म्हणाला, "उषाबाई, पोरीची बॅग भरा मे महिन्याची. कुणाची सावड अंगावर ठेवायची न्हाई आपल्यात."

"आन् जालनेवाले?" उषाबाईनं थेटच विचारलं.

"थांबतील. अंगावर सावड घेऊन मांडव घालू का? मला विचारा तसं केलं की काय होतं. फोटोत अजून पान दिसतंय."

मे उजाडला. परीक्षा झाली आणि जीप तृप्तीला न्यायला आली. आदिनाथनं मोसंबीची पिशवी स्वतः जीपमध्ये ठेवली आणि बजावलं, "फेड पुरी झाल्याबिगर परतू नको. काम चोरू नको. आन् टिटवीनं अंडी कुठं घातली ते आधी मला फोन करून सांग."

रोज संध्याकाळी फोन यायला लागला. टिटव्यांनी एक घरटं उंचावर केलं होतं, दोन खोलात, एक तर चक्क रस्त्याच्या खडीत. आदिनाथची पेरणी त्यामुळं पार गोंधळली. पण आदिनाथ चिडला नाही, उलट संध्याकाळी पारावर जाऊन घरट्यांचे आकडे सांगायला लागला. साखराबाई म्हणते, आता काका-पुतणी दोघंही पाखरांमागं लागले, शेळीचं काही खरं न्हाई.

शिबिर संपलं त्या दिवशी नागसेनचा फोन आला. तृप्तीला वर्षभरासाठी साहाय्यक म्हणून घेतलं होतं. उषाबाईनं ओसरीवरूनच ओरडून ही बातमी चार घरांत पोचवली. आदिनाथ लगबगीनं आला.

"वर्षभर?" त्यानं मोजायला बोटं उघडली. "आपली फेड तर महिन्याचीच होती. म्हंजे पुढचे सगळे दिवस त्यांच्या अंगावर!"

मानधनाचं सांगायला उषाबाईनं तोंड उघडलं. मग बागेकडं बघितलं. पावसाळा तोंडावर होता, झाडांभोवती पाण्याची आळी अजून करायची होती.

"होय दादा," ती म्हणाली. "त्यांच्याच अंगावर."

आणि तिनं फोन उचलला. "नागसेन, बाळा, जेवलास का?"